गांवच्या नांवावरचीं दोन कर्जें

कर्ज म्हणजे काय, हें मारुंजीच्या शेतकऱ्याला कोणीं शिकवावयास नको. सातबाऱ्यावर बोजा चढला म्हणजे घरांतल्या पोरासोरांनाही तें कळतें. पण गांवाच्या किंवा पालिकेच्या नांवानें निघालेल्या कर्जाचा बोजा कोणाच्याच उताऱ्यावर दिसत नाहीं, म्हणून त्याविषयीं आमचे लोक स्वस्थ बसतात. हें बरें नव्हे.

पुणें महानगरपालिकेनें २०१७ सालीं पाण्याच्या योजनेसाठीं २०० कोटी रुपयांचे रोखे विकले. मुदत दहा वर्षें, व्याज शेंकडा ७.५९, म्हणजे वर्षाचें नुसतें व्याजच १५ कोटी १८ लाख. पिंपरी चिंचवड महानगरपालिकेनेंही २०२३ सालीं २०० कोटींचे रोखे काढले. हिंजवडी, माण, मारुंजी हीं गांवें त्या पालिकेंत घालण्याची गोष्ट कैक वर्षें निघत आली आहे. तेव्हां हा हिशेब परक्याचा, असें म्हणून आम्हांस चालणार नाहीं.

आम्ही कर्जाच्या विरुद्ध नाहीं. विहिरीसाठीं काढलेलें कर्ज निराळें आणि वरातीसाठीं काढलेलें निराळें, हें कुणबी जाणतो. शिवाय पालिकेच्या कर्जाला १९४९ च्या कायद्याची वेसण आहे. सभेचा ठराव लागतो, सरकारची मंजुरी लागते. रोखेवाल्याचें व्याज ठरल्या दिवशीं पोंचतें.

पण दुसरें एक कर्ज आहे. त्याला ना ठराव, ना मंजुरी. पहांटे रस्ता झाडणारा, अपरात्रीं पाण्याची मोटर चालूं करणारा, गटार उपसणारा, यांच्याकडून ठरल्या वेळेहून अधिक काम घ्यावयाचें आणि त्या तासांची नोंदच ठेवावयाची नाहीं, हें गरिबाकडून काढलेलें बिनव्याजी कर्जच होय. तें फिटत नाहीं, कारण तें कोठें लिहिलेलेंच नसतें.

कायदा मात्र मुका नाहीं. १९४८ च्या किमान वेतनाच्या कायद्यानें स्थानिक संस्थांतील नोकरी आपल्या यादींत घेतली होती. त्याच्या जागीं आलेली २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आहे. जादा तासाला निदान दुप्पट मजुरी द्यावी, असें ती सांगते. १९९८ सालीं मध्य प्रदेशांतील हट्टा नगरपालिकेच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें जुन्या कायद्याचा अर्थ लावला, कीं जादा तासाचा हा हक्क किमान मजुरीवर राबणाराचा आहे, त्याहून अधिक पगार घेणाराचा नव्हे. म्हणजे ही तरतूद अगदीं तळच्या माणसाचीच. त्यालाच ती मिळूं नये काय?

नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणीकामगारांसाठीं आठवड्याची सुटी मागितली; ती १८९० सालीं मिळाली. मागितल्यावांचून कांहीं मिळत नाहीं.

म्हणून बांधवांनो, ग्रामसभेंत जाऊन दोन गोष्टी विचारा. हजेरीपटांत यावयाची व जावयाची वेळ लिहितां कीं नाहीं? आणि कर्ज काढावयाचें झाल्यास तें किती, कशासाठीं, कोणत्या व्याजानें, आणि कोणाच्या घरपट्टींतून फिटावयाचें? उत्तर मराठींत, मोठ्यानें वाचून दाखवावयास सांगा व इतिवृत्तांत लिहून घ्या. रोखेवाल्याचा दिवस चुकत नाहीं, तर झाडूवाल्याचा तास तरी कां चुकावा?