खेळ पक्का, कागद कच्चा
तुर्कस्तानचा एनेस कँटर २०१० मध्ये केंटकी विद्यापीठात बास्केटबॉल खेळायला गेला. मायदेशातल्या क्लबकडून खर्चापेक्षा ३३,०३३ डॉलर जास्त घेतले म्हणून अपात्र ठरला. कॉलेजचा एकही सामना खेळू शकला नाही. २०११ मध्ये मात्र एनबीएच्या निवडीत तिसरा!

धुळ्यात डॉलर कुठले? आपली पोरं कागदांवर अडतात. चाळीसगाव रोडवरचा खेळाडू इथे बी.ए. करून पुण्याला एम.ए.ला गेला की जळगावच्या विद्यापीठाचे मायग्रेशन सर्टिफिकेट लागते. त्यात शाळेच्या दाखल्यावर ‘मो.’, आधारवर ‘मोहम्मद’. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र, चकरा. प्रवेशच पक्का नाही तर विद्यापीठाच्या संघात नाव जाणार कसे? संघनिवड काही कुणासाठी थांबत नाही. म्हणून आम्ही पालकांना सांगतो, दहावीचा फॉर्म भरण्याआधीच दाखला आणि आधार शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर जुळवून घ्या.