काकडी कुणाची, कांती कुणाची?

परवा मुरबाडच्या बाजारात एका दुकानाच्या काचेआड फेसवॉशची ट्यूब पाहिली. वर हिरव्यागार काकडीचं चित्र, खाली 'नैसर्गिक' हा शब्द आणि शंभराच्या पुढची किंमत. दुकानाच्या पायरीशी सरळगावकडची एक बाई पाटीत काकड्या मांडून बसली होती. संध्याकाळ होत आलेली, उरलेला माल मिळेल त्या भावाला देऊन तिला शेवटची गाडी गाठायची होती. काचेआत काकडी महाग आणि काचेबाहेर मातीमोल, असं का?

ट्यूब घेतली. घरी येऊन चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. पहिलं पाणी, मग फेसाची रसायनं. काकडीचा अर्क अगदी शेवटी, सुगंध आणि रंगाच्या शेजारी. नियम असा, की एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे. त्याहून कमी असलेले नंतर कसेही. म्हणजे शेवटी बसलेली काकडी चिमूटभरच असणार. त्यात काकडीचे शंभरातले पंच्याण्णव भाग मुळात पाणीच! डोळ्यांवर काप ठेवला की गार वाटतं, ते त्या पाण्यामुळे. काकडीशी माझं भांडण नाही. तिचं चित्र पुढे करून जे विकलं जातं, त्याच्याशी आहे.

विकली जाते ती आपल्याच कातडीची लाज. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली. २०२० साली नावातलं 'फेअर' गेलं, 'ग्लो' आलं. 'गोरी' म्हणायची चोरी झाली, म्हणून आता 'उजळ', 'तजेलदार' म्हणायचं. पण मुलगी पाहायला आलेले लोक अजून रंगच पाहतात ना?

आणि ज्या हातांनी काकडी पिकते ते हात? मुरबाड-शहापुरात खुडणीला बहुतेक बायाच असतात. काकडीच्या वेलाला, पानांना बारीक काटेरी लव असते. आमच्या शिबिरात एकीने हात पुढे केले. कोपरापर्यंत ओरखडे, बोटांना खाज. "औषध मारलं की दुसऱ्या दिवशी खुडायलाच लावतात, ताई," ती म्हणाली. हातमोजे कुणी दिले नव्हते. शेजारच्या सरीत काम करणाऱ्या गड्याला मजुरी मात्र तिच्यापेक्षा जास्त. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला होता!

कुणी म्हणेल, बायांनी नटू-मुरडू नये का? खुशाल नटावं. चेहऱ्याला काकडी लावावीशी वाटली तर पाटीवालीकडून घ्या, किसा, लावा, उरलेली कोशिंबिरीत घाला. पण 'नैसर्गिक' म्हणवणाऱ्यांना विचारा, काकडी किती टक्के, तेवढं पुढच्या बाजूला ठळक छापा. शेतमालकाला विचारा, हातमोजे कुठे आहेत, मजुरी कमी का? फवारणीनंतर किती दिवस खुडायचं नाही, हे डब्यावर लिहिलेलं असतं. ते बायांना वाचून का दाखवत नाही? आणि घरात विचारा, ज्या रानात मी राबते, त्याच्या सातबाऱ्यावर माझं नाव कधी लागणार?

बायांनो, आपल्या चेहऱ्याची काळजी करणारे पुष्कळ आहेत. आपल्या हातांची काळजी आपल्यालाच करावी लागणार आहे.