माळवद पाडण्याआधी

मैत्रिणींनो, होळी पेटली की आपल्या मराठवाड्यात दोन गोष्टींना ऊत येतो, पापड-कुरडयांना आणि बांधकामांना. पावसाच्या आत घराचं काय ते उरकून घ्यायचं म्हणून गवंडी, सेंट्रिंगवाले आणि वाळूच्या गाड्या यांची नुसती धांदल असते. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांतही मग लोणच्याऐवजी लिंटल आणि लाद्या डोकावू लागतात.

यंदा औसा तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. सासऱ्यांच्या वेळचं पाच खणांचं माळवद आहे. थोरल्याचं लग्न ठरतंय. त्याआधी माळवद पाडून तिथं दोन मजली स्लॅबचं घर उठवायचं आणि त्यासाठी रस्त्याकडेचं एक एकर रान विकायचं, असं घरातल्या पुरुषमंडळींनी ठरवलंय. आत्याबाई काही बोलत नाहीत, पण ताटावरून अर्ध्यावर उठतात. ताई लिहितात, "नवं घर मलाही हवंय हो. पण रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. मी मागासलेल्या विचारांची आहे का?"

मुळीच नाही, ताई. 'घर पाहावं बांधून' असं आपले जुने लोक म्हणून गेले ते काय उगीच? एवढ्या मोठ्या खर्चाच्या कामात दुसरा विचार मनात येणं हे शहाणपणच आहे. फक्त तो पहिली पहार पडायच्या आत यावा. साडी घरी आणल्यावर आवडली नाही, तर घडी घालून कपाटात ठेवता येते. भिंतीचं तसं नाही.

आता आधी आत्याबाईंची बाजू पाहू. माळवद म्हणजे सागाचे किंवा बाभळीचे खांब, त्यांवर तुळया, वर लाकडी किलच्या किंवा फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. भोवती दगडाच्या दोन-तीन फुटी भिंती. मे महिन्यात बाहेर पारा बेचाळिशीच्या वर गेला तरी आत दुपारची झोप लागते. स्लॅबचं घर दिवसभर ऊन पितं आणि रात्री ते आपल्या अंगावर ओतत बसतं. नांदेडात आम्ही दर उन्हाळ्यात ते सोसतोच.

पण त्याच मातीचं वजन किती असतं, याचा हिशेब कुणी केलाय? शाळेत घनफळ शिकवताना मी मुलांकडून तो करून घेते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीवर एक फूट जाडीचा थर म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे बरोब्बर एक ब्रास माती. कोरडी असली तरी ती साडेचार टनांच्या आसपास भरते, पावसात भिजली की आणखी जड. आणि गळतं म्हणून आपण काय करतो? दर वर्षी वर नवी माती टाकतो. जुनी कुणी काढत नाही. आजेसासऱ्यांच्या वेळचा फूटभर थर नातसुनेच्या वेळी दोन फुटांवर जातो.

याची किंमत आपल्या भागानं मोजलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं काही सेकंदांत जमीनदोस्त झाली. धक्का ६.२ तीव्रतेचा होता. सरकारी मोजणीनुसार जवळजवळ आठ हजार माणसं गेली. तोवर हा भाग देशाच्या भूकंप नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ साली नकाशा सुधारला तेव्हा किल्लारीचा परिसर तिसऱ्या पट्ट्यात गेला.

त्या दिवसापासून आपल्याकडे दगड गुन्हेगार ठरला आणि सिमेंट देव झालं. पाहणी करणाऱ्या इंजिनिअरांनी मात्र जरा बारकाईनं पाहिलं. भिंतीला बाहेरून एक थर आणि आतून एक थर, मध्ये गोट्या-माती भरलेली. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड कुठंच नाही. हादरा बसताच थर एकमेकांपासून सुटले आणि भिंती फुटल्या, वरून मातीचा भार. कितीतरी ठिकाणी खांब-तुळयांचा सांगाडा तसाच उभा होता आणि भिंतींचा मात्र ढीग झालेला. खोट बांधण्याच्या पद्धतीत होती, बिचाऱ्या दगडात नव्हती.

पुढे बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट अशी जमिनीच्या मालकीप्रमाणे घरं मिळाली. घरं पक्की होती, पण जनावरं कुठं बांधायची, कडबा कुठं रचायचा, ओसरीवर बसायचं कुठं? मग एकेकानं पुढं-मागं पत्र्याचे आडोसे जोडले. ज्या गावांत पडझड कमी होती तिथं घर मजबूत करायला सरकारनं पैसे दिले. बहुतेकांनी त्या पैशांत शेजारी सिमेंटची एक खोली बांधली आणि जुनं घर होतं तसंच ठेवून त्यातच वावरू लागले. म्हणजे पैसा खर्च झाला, पण डोक्यावरची माती होती तिथंच राहिली.

एक चांगली गोष्टही त्या काळात घडली. या दुरुस्तीच्या कामात गावोगावच्या महिला मंडळांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं होतं. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं त्यांना हाताशी धरलं. घराबाहेर न पडणाऱ्या बायका लिंटलचा पट्टा म्हणजे काय ते शिकल्या, शेजारणींना शिकवू लागल्या आणि गवंड्यानं सिमेंट कमी घातलं तर जाब विचारू लागल्या. तेव्हा ताई, "बायकांना बांधकामातलं काय कळतंय?" असं कुणी म्हणालंच, तर आपल्याच जिल्ह्याचा हा दाखला द्या.

आता स्लॅबची बाजू. स्लॅब म्हटला की घर सुरक्षित, हा समज डोक्यातून काढा. दहा बाय दहाचा पाच इंची स्लॅब तीन टनांच्या आसपास भरतो. पैसे वाचवायला जुन्याच माती-दगडाच्या भिंतींवर तो टाकला, तर धोका गेला कुठं? शिवाय आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पाया तिच्यातून खाली मुरमापर्यंत नेला नाही, तर नव्या घरालाही दोन वर्षांत कोपऱ्याकोपऱ्यात भेगा दिसतात. आणि भूकंप म्हणजे काही फक्त जुनी गोष्ट नाही. २१ मार्च २०२४ ला आणि पुन्हा १० जुलैला हिंगोली जिल्ह्यातल्या धक्क्यांनी नांदेडमधली भांडीही वाजली.

म्हणून ताई, पाडायचं की राखायचं हे ठरवण्याआधी जाणकार इंजिनिअरला घर दाखवा. त्याची फी तुमच्या एकूण खर्चात वरणातल्या मिठाएवढी असेल. त्याला हे विचारा :

१. खांब-तुळया शाबूत आहेत का? वाळवीनं आतून पोखरल्यात का? टोकदार सळईनं टोचून पाहायला लावा.

२. भिंतीला पोट आलंय का? कोपरे सुटलेत का?

३. वरची माती किती जाड आहे, आणि ती काढून पातळ थर व पाणी न झिरपणारं आवरण घालता येईल का?

४. भिंतीत आरपार बांध, दारांच्या वरून सगळीकडे फिरणारा पट्टा आणि खांब-तुळईच्या सांध्याला तिरपे आधार देऊन घर मजबूत होईल का, आणि त्याला खर्च किती?

५. नवंच बांधायचं तर पाया कुठवर, पट्टे कुठं कुठं, आणि स्लॅबला पाणी किती दिवस मारायचं? आपल्या उन्हात दहा दिवसांच्या आत नळी गुंडाळू देऊ नका, दोन आठवडे मारलं तर उत्तम.

लाकूड सडलेलं निघालं, भिंती फुगलेल्या निघाल्या, तर माळवद खुशाल पाडा. मनाला लावून घेऊ नका. माणसापेक्षा घर मोठं नाही. आत्याबाईंनाही हेच सांगा, पण आधी त्यांना जवळ बसवून, इंजिनिअरच्या तोंडून. चांगलं निघालेलं सागवान मात्र भंगारवाल्याला देऊ नका. त्याची दारं होतील, देवघर होईल.

सांगाडा धड निघाला, तर माती उतरवून मजबुती करा आणि शेजारी लेकासाठी एक-दोन खोल्या नीट पायापासून बांधा. दोन्ही बाजूंनी जमेल.

राहिला दुसरा मजला. तो कुणासाठी, हे घरात एकदा विचाराच. नांदेड-लातूरच्या कुठल्याही वसाहतीत मान वर करून पाहा, गच्चीगच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळ्या वर्षानुवर्षं गंजत उभ्या आहेत. पोरं पुण्याला गेली, मजला राहिला. रान एकदा विकलं की परत येत नाही, आणि मजला पाच वर्षांनीही चढवता येतो. आज फक्त पाया आणि खांब त्या हिशेबानं घाला, सळ्यांची टोकं झाकून ठेवा. लग्नाला आलेले सोयरे घराचे मजले मोजून दोन दिवसांत आपापल्या गावी जातात. त्यात राहायचं तुम्हाला आहे.

आणि हो, नकाशा काढताना स्वयंपाकघर, मोरी आणि ओटा यांची मापं तुम्ही स्वतः उभं राहून द्या. ओटा तुमच्या कोपराच्या थोडा खाली हवा, मिस्त्रीच्या नाही.

इंजिनिअर काय म्हणाले ते जरूर कळवा, ताई. इतर मैत्रिणींनीही आपापल्या माळवदाचं काय केलं ते लिहावं. पुढच्या आठवड्यात गळक्या गच्चीविषयी बोलू.