रात्रीस खेळ चाले: शेवट फसला, तरी नाईकांचा वाडा पुन्हा कसा गजबजला?

झी मराठीवरच्या ‘रात्रीस खेळ चाले’ने २०१६मध्ये आठ महिने सिंधुदुर्गातलं आकेरी गाव घराघरात पोहोचवलं. पण ऑक्टोबरमध्ये उलगडा झाला, तेव्हा भुताटकीमागे माणसाचं कारस्थान निघालं आणि अनेक प्रेक्षक हिरमुसले. इतके महिने जे दाखवलं, त्याचा हिशेबच लागेना.

रहस्यकथेचं हेच दुखणं. शेवट फसला की आधीचे भागही पुन्हा बघावेसे वाटत नाहीत.

मग २०१९मध्ये दुसरं पर्व आलं, ते काळात मागे जाऊन. पहिल्या पर्वाची सुरुवातच अण्णांच्या मृत्यूने झाली होती. इथे अण्णा जिवंत, सोबत शेवंता. अण्णा मरणार हे ठाऊक असूनही लोक चिकटून बसले, कारण बघायचे होते माधव अभ्यंकर आणि अपूर्वा नेमळेकर. (मीम्सचं तर विचारूच नका.)

‘गेम ऑफ थ्रोन्स’चंही तसंच. २०१९च्या शेवटावर चाहते भडकले. २०२२मध्ये आलेली ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’ही आधीच्याच काळातली.

२०२१च्या तिसऱ्या पर्वाला मात्र अण्णांच्या मृत्यूपुढे जावं लागलं. अण्णा-शेवंता भुतं होऊन परतले, पण नेमळेकर मध्येच बाहेर पडल्या आणि शेवंता बदलली.