वडील माणसांचा मोतीबिंदु

घरांतील वडील माणसाचा मोतीबिंदु काढावयाचा ठरला, म्हणजे डॉक्टर कोणता व खर्च किती याचा खल पुष्कळ होतो; डोळ्यांत बसवावयाचें भिंग कोणत्या अंतरासाठीं असावें, हें मात्र क्वचितच कोणी विचारतो. १९४९ सालीं लंडनमध्यें डॉ. रिडले यांनीं पहिलें कृत्रिम भिंग बसविलें. आज आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतही हें काम नित्याचें झालें आहे.

परंतु साधें भिंग एकाच अंतरावर स्पष्ट दाखवितें, आणि कोणी कांहीं न बोलल्यास तें बहुधा दूरचें बसतें. रोज फिरावयास जाणाऱ्या आजोबांस तें उत्तमच. पण ज्ञानेश्वरी ज्या नेवाशास सांगितली गेली, त्याच या जिल्ह्यांत चष्मा काढून पोथी वाचणाऱ्या आजीही आहेत. दूरचें अंधुक, पण जवळचें नुसत्या डोळ्यांनीं लख्ख, अशी त्यांची जन्माची दृष्टि. त्यांस दूरचें भिंग बसविलें, तर देवळाचा कळस दिसेल, पण ओंवी चष्म्याविना दिसणार नाहीं.

अशा वेळीं उणे अडीचचा नंबर मुद्दाम राखतां येतो. मग सुमारें ४० सेंटिमीटरवरील अक्षर बिनचष्म्याचें लागतें, दूरसाठीं मात्र चष्मा घ्यावा लागतो. दोन डोळ्यांस दोन अंतरें देण्याचीही रीत आहे, पण ती सर्वांस मानवत नाहीं. आमचें मत असें कीं, दवाखान्यांत जाण्यापूर्वीं आजींस नेहमींच्या जागीं पोथी घेऊन बसवावें, डोळ्यापासून पानापर्यंतचें अंतर टेपानें मोजावें, व तो आंकडा डॉक्टरांस त्यांनीं स्वतःच सांगावा, चिरंजिवांनीं नव्हे.