खाडे नसलेली खानावळ

आमचे चिरंजीव अमेरिकेंत न्यू जर्सीस असतात. येत्या माघांत आमच्या लग्नास ४० वर्षें पुरीं होतात, तेव्हां आईबाबांस समुद्रकांठीं एखाद्या उत्तम हॉटेलांत तीन रात्रीं ठेवावें, असें त्यांनीं व सूनबाईंनीं ठरविलें. प्रथम त्यांच्या मनांत कॅरिबियन समुद्रांतील बेटें होतीं. तिकडील मंडळी हिवाळ्यांत तेथें जातात; एकदां ठराविक रक्कम भरली कीं राहणें, खाणें, पिणें, खेळणें, सर्व कांहीं त्यांतच येतें. परंतु आमचे गुडघे आणि विमानांतील लांबचा प्रवास यांचें सख्य नाहीं. अखेर दक्षिण गोव्यांतील एक मोठें हॉटेल मुक्रर झालें. तेथेंहि तशीच सर्वसमावेशक योजना आहे. ती घ्यावी, कीं केवळ सकाळच्या फराळासह खोली घ्यावी, हा निर्णय मात्र चिरंजिवांनीं आमच्यावर सोंपविला. "बाबा, हिशेब तुमचा पक्का. तुम्हीच सांगा." सेवानिवृत्त शाळामास्तरास कोणी असें म्हणालें कीं त्याचे चार दिवस बरे जातात.

या प्रश्नाकडे पाहतांना आम्हांस आमची खानावळ आठवली. १९७४ च्या सुमारास आम्ही सदाशिव पेठेंत राहून शिकत होतों, तेव्हां महिन्याचे पैसे आगाऊ भरून जेवत असूं. आमच्या पंक्तीस तालमींत जाणारा एक मुलगा होता. तो अठरा पोळ्या सहज खाई. आम्ही चार पोळ्यांचे. दोघांचे पैसे सारखेच. मालकीणबाई सर्वांची सरासरी धरून दर ठरवीत आणि त्यांत त्यांचें चाले. आमच्यासारख्यांस एकच आधार होता, तो म्हणजे खाडा. आदल्या दिवशीं सांगितलें कीं त्या भिंतीवरच्या पाटीवर नांवापुढें एक रेघ ओढीत, आणि महिनाअखेरीस तितकें जेवण वजा होई. सर्वसमावेशक योजना ही खाडे नसलेली खानावळ आहे. हॉटेलवाला सरासरीवर दर बांधतो. सरासरीहून अधिक खाणारा-पिणारा नफ्यांत राहतो, कमी खाणारा त्याचें देणें भागवितो, आणि पाटीवर रेघ कोणीच ओढीत नाहीं.

योजनेचा इतिहासहि मनोरंजक आहे. १९५० सालीं जेरार ब्लिट्झ नांवाच्या बेल्जियन गृहस्थानें भूमध्य समुद्रांतील मायोर्का बेटावर आल्कुदिया येथें तंबू ठोकून 'क्लब मेडिटरेनी'ची पहिली वसाहत मांडली. राहणें, जेवण व खेळ एकाच रकमेंत. पेयांचे पैसे तेवढे वेगळे, आणि तेहि पुढें मण्यांच्या रूपानें दिले जात. १९८१ सालीं जमैकांत मोंटेगो बे येथें गॉर्डन स्टुअर्ट यांनीं 'सँडल्स' हें हॉटेल काढलें. हे गृहस्थ मूळचे वातानुकूलन यंत्रांचे व्यापारी. त्यांच्या व त्यांच्यासारख्या इतरांच्या हॉटेलांमुळें ही पद्धत त्या बेटांवर रुजली. आपल्याकडील हॉटेलांच्या पत्रकांत मात्र अजून जुनींच नांवें दिसतात: नुसती खोली ती युरोपियन, सकाळच्या फराळासह ती काँटिनेंटल, फराळ व एक जेवण ती मॉडिफाइड अमेरिकन, आणि तिन्ही वेळचें खाणें ती अमेरिकन. या शेवटच्या योजनेंत पेयें व खेळ घातले कीं सर्वसमावेशक झाली.

आतां हें 'सर्व' म्हणजे किती, तें पाहावें. पाणिनीच्या सर्वादि गणांत 'सर्व' हा शब्द पहिला आहे. हॉटेलच्या पत्रकांत त्याच्या डोक्यावर एक चांदणी असते आणि चांदणीचा अर्थ तळाशीं बारीक अक्षरांत. आम्ही भिंग घेऊन बसलों. परदेशी मद्य वेगळें, यंत्राच्या होडीवरील खेळ वेगळे, तीन भोजनगृहांपैकीं एक वेगळें, खोलींत मागविलेला चहा वेगळा. कर धरून दर आहे कीं सोडून, हें तर विचारल्यावांचून कळलेंच नाहीं.

मग मुख्य हिशेब. आंकडे गोल करून देतों. फराळासह खोली दोघांस रात्रीस १४,००० रुपये, सर्वसमावेशक २२,०००. फरक ८,०००, तीन रात्रींचा २४,०००. येथें बहुतेक लोक रात्री मोजतात. मोजावीं तीं जेवणें. दुपारीं ३ वाजतां प्रवेश आणि चौथ्या दिवशीं सकाळीं ११ वाजतां खोली सोडणें, म्हणजे रात्रींचीं जेवणें तीन, पण दुपारचीं दोनच. त्यांतील एक दुपार मंगेशीच्या व शांतादुर्गेच्या दर्शनांत जाणार, तेव्हां जेवण वाटेंत. उरलें एक. त्या हॉटेलचाच दर घेऊन दर ताटास १,५०० रुपये धरले, तर दोघांचीं आठ ताटें म्हणजे १२,००० होतात. चहा, शहाळीं वगैरे तीन दिवसांचे ३,०००. एकूण १५,०००. तात्पर्य, ९,००० रुपये आम्ही शेजारच्या मेजावरील गृहस्थांच्या पेल्यांत ओतणार! शिवाय त्या तीन दिवसांत एक एकादशी आहे, ती आम्ही पुरें ताट म्हणूनच धरली.

हिशेब झाला, उत्तर आलें, खालीं दोन रेघा ओढल्या. आणि तरीहि आम्ही तें चिरंजिवांस कळविलें नाहीं. कारण मध्येंच आम्हांस वेळास आठवलें.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यांतील हें नाना फडणविसांचें गांव. चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र या संस्थेनें २००२ पासून तेथें समुद्री कासवांच्या अंड्यांच्या रक्षणाचें काम केलें, आणि तीं पिलें समुद्राकडे जातांना पाहावयास लोक येऊं लागल्यावर गांवकऱ्यांनीं आपल्या घरींच त्यांची सोय केली. माणशीं एक रक्कम. तींत राहणें, चहा, न्याहारी, दोन वेळचें शाकाहारी जेवण. म्हणजे हीहि सर्वसमावेशक योजनाच, फक्त शेणानें सारविलेल्या अंगणांतली. काहीं वर्षांपूर्वीं आम्ही उभयतां तेथें दोन रात्रीं राहिलों. पहिल्या रात्रीं घरधनीणबाई उकडीचे मोदक वाढीत होत्या. आमचें कुटुंब म्हणालें, "आणखी एक वाढा हो. आणि तूपहि."

वाचकांस यांत नवल वाटणार नाहीं. आम्हांस फार वाटलें. आम्ही खडकवासल्यास राहतों. रविवारीं धरणाच्या चौपाटीवर सारें पुणें लोटतें. संध्याकाळीं आम्हीहि फिरत जातों. आमचें कुटुंब कणसाच्या गाडीपाशीं उभें राहतें, भाव विचारतें, आणि "एकच घ्या, मला आज भूक नाहीं" असें म्हणतें. उपाहारगृहांत गेलों तर पत्रक उजवीकडून वाचतें: आधीं आंकडे, मग पदार्थ. सर्वांत लहान आंकड्यापुढें जें असेल तें त्यांस आवडतें. मास्तराच्या पगारांत दोन मुलांचीं शिक्षणें ज्या बाईनें निभावलीं तिची ही संवय आहे. आतां मुलगा डॉलर मिळवितो म्हणून ती सुटत नाहीं. वेळासला पत्रकच नव्हतें. पैसे भरून झाले होते, न खाल्लें तर वायां जाणार होतें. वायां घालविणें हें तर त्यांच्या मतें महागाहूनहि वाईट. ज्या काटकसरीनें त्यांस जन्मभर अर्ध्या कणसावर ठेविलें, तीच त्या रात्रीं त्यांच्या बाजूनें उभी राहिली.

गोव्याच्या हॉटेलांत, पत्रक हातीं आलें तर काय होईल, हें आम्हांस दिसत होतें. दीड हजारांचें ताट पाहून त्या "मला नुसता दहींभात" म्हणतील. दुसऱ्या दिवशीं पिशवींतून दशम्या निघतील. सूनबाईंस वाईट वाटेल, चिरंजीव रागावतील, आणि ज्यांच्यासाठीं हा सारा खटाटोप त्या तीन दिवस अपराध्यासारख्या बसतील.

म्हणून आम्ही असें कळविलें: आम्हां दोघांच्या खोलीस सर्वसमावेशक योजना घ्यावी, तुमच्या खोलीस केवळ फराळाची. एका खोलींतील सर्वांस एकच योजना घ्यावी लागते, पण दोन खोल्यांच्या योजना निराळ्या चालतात, हें दूरध्वनीवर विचारून घेतलें. तुम्ही दिवसभर बाहेर भटकणार. चिरंजीव मासे खाऊं लागले आहेत, आणि ते फाटकाबाहेरच्या झोपड्यांतून अधिक ताजे मिळतात, असें आम्ही ऐकतों. नातवंडांच्या वयाची अट प्रत्येक हॉटेलाची वेगळी असते, ती तुम्हीच पाहा. आमच्या खोलीचे पैसे मात्र आगाऊ भरून टाका, परत मिळणार नाहींत अशा बोलीनें. ही अट कोणी घालून घेत नाहीं, चिरंजिवांनीं पुन्हां विचारलें, "बाबा, नक्की ना?" आम्ही नक्की म्हणून सांगितलें. चोवीस हजारांपैकीं नऊ हजारांचा घाटा कागदावर तसाच आहे. तो कागद आम्ही पंचांगांत घालून ठेवला आहे.

योजना घेणाऱ्यांच्या मनगटास तेथें रंगीत पट्टी बांधतात, असें कळतें. कार्यांत हातीं कंकण बांधतात, त्यांतलाच प्रकार समजूं.

कुटुंबास आम्ही एवढेंच सांगितलें कीं पैसे भरून झाले. त्यांनीं किती म्हणून विचारलें. आम्ही आठवत नाहीं म्हणालों, आणि तें त्यांनीं खरें मानलें नाहीं. मग म्हणाल्या, "अहो, पण एकादशीस तेथें वरीचे तांदूळ मिळतील का?" आम्ही हॉटेलास पुन्हां दूरध्वनि केला. पलीकडील तरुण कारकून मोठा विनयशील होता. आदल्या दिवशीं सांगितल्यास करूं म्हणाला. फक्त तो शब्द अक्षर अक्षर सांगावा, अशी त्यानें विनंति केली. आम्ही ऱ्हस्व-दीर्घासह सांगितला.