वाजंत्र्यांची पंगत

"आपल्या भागाचा एक सिंफनी ऑर्केस्ट्रा हवा!" माधवनगरातले आमचे एक स्नेही परवा चहा घेताना म्हणाले. ते नुकतेच मुंबईहून परतले होते. ऐंशी-नव्वद वादक एका माणसाच्या छडीच्या इशाऱ्यावर वाजवताना ऐकून ते अगदी भारावले होते. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे जत्रेतला सिनेगीतांचा कार्यक्रम, याची त्यांना लाज वाटू लागली होती. "सांगली नाट्यपंढरी, मिरज सतारींचे गाव; मग एवढेच का उणे?"

मी म्हटले, "ऑर्केस्ट्रा आहे की आपल्याकडे! त्याला आपण वरातीपुढे चालवतो आणि शेवटच्या पंगतीला बसवतो."

त्यांना हे रुचले नाही. वाचकांनाही तिरकस वाटेल. म्हणून उलगडून सांगतो.

मुंबईची ही हौस आजची नव्हे. मेहली मेहतांनी 1935 साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. 1962 साली बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा निघाला. 2006 साली एनसीपीए या संस्थेने कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांना हाताशी धरून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला. नावात देश आला, पण खुर्च्या भरायला पुष्कळसे वादक परदेशांतून आणावे लागले. चालकांना दोष देत नाही. पीक हवे होते आणि पेरणी कोणी केलेली नव्हती, त्याला ते काय करणार? पुढे त्यांना स्वतःच मुलांसाठी संगीतशाळा काढावी लागली, यातच सारे आले.

पेरणी झाली होती ती गोव्यात. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांतून पोरांना अक्षरांबरोबर स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. तीच पोरे मोठी होऊन मुंबईच्या सिनेमा-स्टुडिओंत बसली. त्यांपैकी माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी 1958 साली मुंबईत भारतीय रागांवर रचना करून भलामोठा वाद्यवृंद उभा केला, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. लताबाईंचे बालपण सांगलीत गेले हे आपण छाती फुगवून सांगतो. त्यांच्या गाण्यामागे व्हायोलिन कोणी धरले होते, हे विचारण्याची आपल्याला कधी गरज वाटली नाही.

कोणी म्हणेल, हे पाश्चात्त्यांचे खूळ, आपल्याला काय करायचे? मग व्ही. जी. जोगांनी व्हायोलिनवर राग वाजवले, ते कोणाचे खूळ? परकी म्हणून पेटीला आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत दाराबाहेर ठेवले. आमच्या भजनातली पेटी तेवढ्यासाठी एक दिवस थांबली नाही. वाद्याला जात नसते, महाराज. जात आपण वाजवणाऱ्याला चिकटवतो.

आणि इथेच माझ्या स्नेह्यांचे आणि माझे बिनसते. मुंबईत त्यांनी ऐकलेली क्लॅरोनेट, ट्रम्पेट आणि ड्रम ही वाद्ये आपल्या गावच्या बँडात आहेतच. दहा-बारा माणसे उन्हात चालत, गर्दी सांभाळत, समोर कागद नसताना एका सुरात वाजवतात. पण तिथल्या वादकाला आपण कलावंत म्हणतो आणि इथल्याला 'बँडवाला', तेही अरेतुरे करून.

दुसऱ्याकडे बोट कशाला? आठवीतला एक पोरगा लग्नसराईत सारखा गैरहजर असे. कारण विचारले तर म्हणाला, "बापाच्या बँडात क्लॅरोनेट वाजवायला गेलो होतो, गुरुजी." मी भर वर्गात म्हटले, "मग वाजवीतच बस, शाळा कशाला?" वर्ग खो खो हसला. त्याच वर्षी स्नेहसंमेलनात मुले भाड्याने आणलेल्या कर्ण्याच्या गाण्यांवर नाचली आणि तो पोरगा सतरंज्या उचलत होता. क्लॅरोनेट घेऊन ये, असे त्याला कोणी म्हटले नाही. मीही नाही. परीक्षेनंतर त्याने शाळा सोडली. हे माझ्या खाती जमा आहे.

आता तर बँडालाही डॉल्बीने गाठले आहे. भिंतीएवढे कर्णे आणि बटण दाबायला एक माणूस. दहा घरांची भाकर गेली, हे त्या गोंगाटात ऐकूही येत नाही.

व्हेनेझुएलात होसे अँटोनियो आब्रेऊ यांनी 1975 साली मूठभर मुलांनिशी तालीम सुरू केली. पुढे त्यातून देशभर मुलांचे वाद्यवृंद उभे राहिले. आपणही सभागृहाच्या कोनशिलेपासून सुरुवात करू नये. शनिवारी दुपारी शाळेचा एक वर्ग उघडा ठेवावा. गावच्या बँडमास्तरला मानधन देऊन मुलांपुढे उभे करावे आणि स्वरलिपी शिकवणारा कोणी त्याच्या जोडीला द्यावा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते वाद्य करणाऱ्या कारागिरालाही त्या वर्गात बोलवावे. बँडमास्तरपाशी पदवी नाही, अशी हरकत निघेल. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलेलो नाही, तरी मला गुरुजी म्हणतात. मग त्यालाच कागद का मागावा?

अशा दहा वर्गांतून जे उभे राहील त्याला सिंफनी म्हणा, वाद्यवृंद म्हणा, नाहीतर नुसता बँड म्हणा. ते आपले असेल.

स्नेह्यांना मी एवढेच सुचवले: येत्या मार्गशीर्षात तुमच्या मुलीचे लग्न आहे. वाजंत्र्यांना पहिल्या पंगतीला बसवा. ऑर्केस्ट्राची वर्गणी मागायला मग खुशाल या.

ते अजून आलेले नाहीत.